हळदीच्या कॅसेटमधला दुसरा आवाज

वैनी आल्या तेव्हा मी भेंडी पुसत बसले होते. एकेक भेंडी फडक्याने कोरडी करायची आणि ताटात ठेवायची. आता या घरात भेंडी खाणारी मी एकटीच, पण भाजीवाल्यासमोर उभी राहिले की सवयीने अर्धा किलो मागितली जाते आणि मग पुसत बसावं लागतं. हे गेल्यापासून माझं असंच चाललंय. हात काम करतात आणि मी बघते. लोक विचारतात, फार आठवण येत असेल ना? विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणते. खरं सांगू का, दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ जागेवर असतो पण आपला नसतो, तसं आहे हे. दुखत नाही. चहा प्यायला गेलं तर कुठून ओघळतोय ते कळत नाही, एवढंच.

तर वैनी. आधी त्या कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई मधूनच सुरू झाली. आमचा फोटो स्टुडिओ होता बेलापूर गावात. ऑफिसं आणि कोर्ट आहे ते बेलापूर नव्हे, त्याला लागून जे जुनं गाव आहे, आगरी लोकांचं, तिथे. आम्ही साताऱ्याकडची माणसं. हे फोटो काढायचे, लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचे, आणि मी अल्बम चिकटवायची. ज्या घराच्या पुढच्या खोलीत आमचा स्टुडिओ होता, त्या घरच्या सूनबाई म्हणजे या वैनी. त्यांच्या नवऱ्याला आमचे हे दादा म्हणायचे, म्हणून त्या वैनी. मला त्या पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणतात. माझं नाव त्यांना माहीत असेल की नाही, मला शंकाच आहे.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओ बंद केला आणि आम्ही करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो. वैनी तरीही येत राहिल्या. गुडघे धरून, रिक्षावाल्याला शिव्या घालत, पिशवीत सुका जवळा घेऊन.

त्या दिवशीही तसंच. दारातूनच सुरू.

“किती वेळ गो दार उघडाला? मना वाटला तू बी गेलीस.”

“अजून नाही. या.”

“नाय ना? मंग चाय ठेव.”

त्या पलंगावर बसल्या. चहा झाला. नातीची हळद जवळ आली होती ते मला माहीत होतं, पत्रिका येऊन पडली होती टीव्हीजवळ. मला वाटलं पुन्हा आमंत्रण करायला आल्या असतील. पण त्या नुसत्याच बशीकडे बघत होत्या.

“बस्ता झाला, हॉल झाला, डीजेवाला बी झाला,” त्या म्हणाल्या. “धवल्याचा काय करू?”

धवला म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला आणि लग्नाला जुनी गाणी म्हणायची असतात, ते धवले. म्हणणारी बाई ठरलेली असते, तिला धवलारीन म्हणतात. भटजी असतोच, पण तिच्यावाचून हळद लागत नाही. वैनींची आई मोठी धवलारीन होती. गावोगावच्या बैलगाड्या तिला न्यायला यायच्या, पुढे रिक्षा यायच्या. ती जाऊन खूप वर्षं झाली. तिच्या मागे वैनी म्हणायला लागल्या, घरच्या घरी, भाच्या-पुतण्यांच्या लग्नात. मग डीजे आले आणि धवले दोन ओळींवर आले. दोन ओळी म्हणायच्या, फोटो काढायचा, की लावा गाणी.

“पण तुमच्या नातीला हवाय ना?”

“तिनीच सांगितलाय. आजी, माज्या हलदीला पुरा धवला बोलायचा, दोन ओलींचा नाय.” वैनींनी बशी खाली ठेवली. “आनि मना मधला येत नाय.”

तो धवला असा आहे की त्यात देवांना हळदीला बोलवायचं असतं. घरातून निघायचं आणि वाटेवर जो जो भेटेल त्याला आमंत्रण करत करत खाडीपर्यंत जायचं. आधी घरचे देव, मग विहिरीवरचा, मग गावदेवी, मग शेत, मग शेताचा बांध, आणि शेवटी खाडी. वैनी बांधापर्यंत बरोबर जातात आणि तिथून एकदम खाडीत पडतात. मध्ये कोणीतरी राहतं. कोण, ते आठवत नाही. त्यांच्या आईबरोबर दुसरी जी म्हणायची, ती आता कोणाला ओळखत नाही. तिला जाऊन विचारलं तर ती वैनींनाच विचारायला लागली, तू कोनाची गो?

“एखादा राहिला तर काय होतंय वैनी? कोणाला कळणार आहे?”

“मना कलंल ना.” त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कप उचलून आत निघाले. “आय बोलायची, बोलवताना एकाला गालला त बाकीचे बी दारातच उभे रातात. आत येत नाय. माज्या नातीच्या हलदीला सगले दारात उभे?”

मी कप विसळले. मला खरंच काही वाटलं नाही, पण काम काय आहे ते कळलं.

“माज्या ननंदेच्या लग्नाची कॅसेट हाय ना तुज्याकडं?” त्या बाहेरून ओरडल्या. “त्यात आय हाय. पुरा धवला बोललीय.”

“कॅसेट आहे. पण आईचा आवाज नाहीये वैनी. गाणी आहेत.”

“कंची गानी?”

“पिक्चरची. तेव्हा सगळे तेच मागायचे. दादांनीच सांगितलेलं, आपल्या कॅसेटला भारीतली गाणी टाका, डोंबिवलीचे पाहुणे बघणार आहेत.”

“त्या मेल्याला काय कलतंय?”

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते. लग्नाच्या शूटिंगमध्ये मूळ आवाज जो यायचा, त्यात जनरेटरची घरघर, पोरांची रडारड, आचाऱ्याची भांडणं. तो कोणाला नको असायचा. म्हणून एडिटिंग झालं की त्यावर सिनेमाची गाणी चढवायची. हळदीला हळदीचं, पाठवणीला रडायचं. गिऱ्हाईक खूश. एखाद्याने नंतर येऊन विचारलं की आमच्या आजोबांचा आवाज मिळेल का, तर आम्ही सांगायचो, गाणी चढली की खालचं गेलं. मलाही तसंच वाटायचं. यांनी ते कधी खोडून काढलं नाही, तेव्हा मी कशाला दुसरं समजू?

स्टुडिओ बंद झाल्यावर यांनी एकच काम केलं. जुना प्लेअर टेबलावर ठेवून एकेक कॅसेट कॉम्प्युटरमध्ये भरली. एक कॅसेट पूर्ण वाजेल तेवढा वेळ तिच्यासमोर बसायचं. असं रोज. माझी पुण्याची लेक सुट्टीला आली तेव्हा तिने ते सगळं एका छोट्या काळ्या डब्यात टाकलं. डबा कपाटावर असतो, त्याला स्क्रीन नाही, नुसता एक हिरवा दिवा. पण घरातल्या वायफायवरून टॅबवर एक ॲप उघडलं की सगळी लग्नं समोर दिसतात, सिनेमाच्या पोस्टरसारखी, ओळीने. ज्याचं हवं त्याचं लावा. ते इंटरनेटवर कुठे नसतं, आपल्याच डब्यात. लेकीने मला शिकवलं आणि राहिलेलं मी माझं मी शिकले. माझी शाळा सातवीपर्यंत. पण बटण दाबलं की काय होतंय ते बघायचं, आणि बिघडलं तर उलटं दाबायचं, एवढं कळलं की पुष्कळ येतं.

मी टॅब आणला, वैनींच्या नणंदेचं लग्न काढलं आणि वैनींच्या मांडीवर ठेवला.

मांडव दिसला. पिवळ्या साड्यांतल्या बायका दिसल्या. पाटावर नणंद, एवढीशी. आणि तिच्या मागे वैनींची आई, नऊवारीत, कपाळावर मोठं कुंकू, एक हात कानाला लावून. तोंड उघडलं आणि तोंडातून हिरोचा आवाज आला, मागे व्हायोलिनं.

वैनी बराच वेळ बघत राहिल्या. “आय माजी,” त्या म्हणाल्या, “आनि आवाज त्या बाप्याचा.”

ओठांवरून काही कळतंय का म्हणून त्या टॅब तोंडाजवळ नेत होत्या. कॅमेरा हलला की ओठ जायचे. मग पुन्हा मागे. मी शेजारी बसून नुसतीच बोटं चालवत होते. कुठे कुठे दाबलं, तर त्या लग्नाची माहिती उघडली. किती मोठी फाइल, कधी भरली, वगैरे. त्यात लिहिलं होतं, व्हिडिओ एक. ऑडिओ दोन.

दोन कसे?

मी लेकीला फोन लावला.

“आई, मीटिंगमध्ये आहे गं.”

“ऑडिओ दोन म्हणजे काय तेवढं सांग, मग जा मीटिंगला.”

“कशात? ... अच्छा. म्हणजे फाइलमध्ये आवाजाच्या दोन पट्ट्या आहेत. ॲप फक्त पहिली वाजवतं. दुसरी ऐकायची तर बाहेरच्या प्लेअरमध्ये उघडावं लागेल.”

“बाहेरच्या म्हणजे कोणाच्या?”

“कोणाच्या नाही गं! वेगळा प्लेअर असतो, तो टॅबवर उतरवायचा. मग आपल्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन सांगायचं की व्हिडिओ यापुढे त्याच्यात उघड. संध्याकाळी करू ना आपण. तू काही दाबू नकोस.”

बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हा मला एक आठवलं. हे कॅसेट भरायला बसायचे तेव्हा प्लेअरच्या मागच्या वायरी दरवेळी काढायचे आणि उलट्यासुलट्या करून पुन्हा लावायचे, एकच कॅसेट दोनदा चालवायचे. मी म्हणायची, एकदा भरली ना? ते म्हणायचे, खालचा पण घेतो. खालचा काय, ते मी विचारलं नव्हतं. पोळ्या व्हायच्या असायच्या. म्हणजे गाण्यांखालचा मूळ आवाज कॅसेटवर राहिला असावा, असं मी वैनींना म्हटलं.

“म्हंजे आय हाय आत?” वैनींनी विचारलं.

“असेल. बघू.”

मग मी दाबायला सुरुवात केली. प्लेअर उतरवला, तो फुकट होता. ॲपच्या सेटिंगमध्ये शिरले. सगळं इंग्रजीत, मी एकेक अक्षर लावत जाते. फोनसाठी कोणता प्लेअर, टॅबसाठी कोणता, कॉम्प्युटरसाठी कोणता, असं वेगवेगळं विचारलं होतं. टॅबसाठी मी हा नवा निवडला. बाहेर आले तर प्रत्येक लग्नाच्या चित्राखाली एक नवीन बाण आला होता. तो दाबला. टॅबने विचारलं, दुसऱ्या ॲपमध्ये उघडू का? उघड. स्क्रीन काळी झाली, मधे एक चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि लाल अक्षरं आली. उघडता येत नाही.

“काय झाला?”

“नाही म्हणतोय.”

“परत सांग त्याला.”

परत सांगितलं. परत नाही. प्लेअर काढला, पुन्हा उतरवला. टॅब बंद करून चालू केला. वैनींनी टॅबला एक चापट मारून पाहिली, त्यांच्या टीव्हीला लागू पडते म्हणे. काही नाही. मग मी ती लाल अक्षरं नीट वाचली. त्यात पत्ता दिला होता, कुठे शोधलं त्याचा, आणि पत्त्याची सुरुवात होती ‘लोकलहोस्ट’. तेवढा शब्द लेकीला पाठवला. तिचं उत्तर मीटिंगमधूनच आलं: लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. डब्याने वाचलं तर डबा, टॅबने वाचलं तर टॅब. मीच तसं लिहून ठेवलं होतं, सॉरी. तिथे डब्याचा नंबर टाक. ॲप उघडतेस तेव्हा वरच्या पट्टीत दिसतो तो. आणि मी सांगितलं होतं दाबू नकोस!

म्हणजे काय झालं होतं बघा. घरातल्या माणसाला ‘आपल्या घरी जा’ म्हटलं की पुरतं. हा प्लेअर बाहेरचा. त्याला सेक्टर, प्लॉट नंबर, सोसायटीचं नाव, सगळं सांगावं लागतं. आम्ही त्याला नुसतं ‘घरी जा’ म्हटलं, तर तो बिचारा स्वतःच्याच घरी जाऊन वैनींची आई शोधत होता.

वरच्या पट्टीतला नंबर मी कागदावर उतरवला, सेटिंगमध्ये जुना पत्ता पुसून तो घातला आणि सेव्ह केलं. बाण दाबला. मांडव आला. गाणंही आलं, तेच हिरोचं. मग कडेच्या तीन ठिपक्यांत शिरले, तिथे ऑडिओ, त्याखाली एक आणि दोन. मी दोन दाबला.

गाणं गेलं.

जनरेटर आला. भांड्यांचा आवाज आला. कोणीतरी कोणाला तरी ‘हलद सांडली गो’ म्हणून ओरडलं. पोर रडलं. मग एक बाई खाकरली, आणि वैनींचा हात माझ्या मनगटावर आला. खाकरण्यावरून त्यांनी ओळखलं. मग ती म्हणायला लागली. जाड आवाज, जमिनीवरून ओढत आणल्यासारखा, अजिबात गोड नाही. घरचे देव झाले. विहीर झाली. गावदेवी झाली. वैनी ओठांतल्या ओठांत बरोबर जात होत्या. शेत. बांध.

“लाइट वर घे. वर, वर. मावशी, जरा डावीकडे व्हा. हां, बास.”

हे आमचे हे. कॅमेऱ्याच्या मागे, माइकच्या अगदी जवळ, त्यामुळे सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. आणि ते ‘बास’ म्हणेपर्यंत वैनींची आई खाडीला पोचली होती.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“तुजा नवरा गप नाय बसत गो!” वैनी म्हणाल्या.

“मागे घेते,” मी म्हणाले.

मागे घेतलं. लाइट वर घे. वर, वर. पुन्हा मागे. लाइट वर घे. मी वाट बघत होते की आता काही होईल. माणूस गेल्यावर त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला तर छातीत काही व्हायला हवं, असं मीही ऐकलंय. झालं नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की हे एकदाचे बाजूला झाले तर बरं. आणि तेवढ्यात लाइट गेली. आमच्या करंजाड्यात जाते अधूनमधून. डब्याचा हिरवा दिवा विझला.

लाइट आली तेव्हा वैनी निघायच्या बेतात होत्या. मी घाईने बाण दाबला, तर पुन्हा लाल अक्षरं. संध्याकाळी लेकीने सांगितलं, लाइट गेली की वायफायचं यंत्र डब्याला नवीनच नंबर देतं, जुना पत्ता चालत नाही. मग तिने फोनवरून एकेक बटण सांगून तो नंबर कायमचा करून घेतला. झालं का, म्हणाली. झालं. बाबांचा आवाज आहे म्हणतेस त्यात? आहे. तू ऐकलास? ऐकला. मग म्हणाली, मला पाठवशील? पाठवते म्हटलं. रात्री मी एकटीच होते, टॅब उशाशी होता. लावून बघावं असं मनातही आलं नाही. भेंडीची भाजी उरली होती ती संपवली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी वैनी जेवूनच आल्या, म्हणजे मध्ये उठायला नको. येताना नातीच्या हळदीची साडी दाखवायला आणली होती. ती बघितली, पदर चांगला होता. मग कामाला बसलो.

नुसतं ऐकून काही हाती लागेना. मग मला सुचलं. यांनी इतकी लग्नं काढली, पण बोलायचं तेच तेवढंच. लाइट वर घे, वर, वर, मावशी जरा डावीकडे, हां बास. कुठेही मांडव असू दे. कोणत्या शब्दानंतर किती श्वास घेतात तेही मला पाठ. तेव्हा मी वैनींना म्हणाले, “तुम्ही यांच्याकडे लक्षच देऊ नका. मी बोट उचलते. बोट वर असलं की हे बोलतायत, ते सोडून द्या. खाली आलं की ऐका.”

तसं केलं. ‘वर’ आणि दुसऱ्या ‘वर’च्या मध्ये जागा होती. ‘मावशी’च्या आधी होती. त्या फटींतून एकेक अक्षर यायचं. वैनी मान हलवायच्या, नाय, परत. मग मला प्लेअरमध्ये वेग कमी करायचं बटण सापडलं. कमी केलं तर यांचा आवाज दारू प्यायल्यासारखा झाला. लाऽऽइट. वऽऽर.

“पिऊन आलाय,” वैनी म्हणाल्या.

“आयुष्यात कधी थेंब घेतला नाही.”

“म्हनून आता घेतोय. आनि माजी आय बग, बाप्या झाली.”

खरंच, त्यांची आई पुरुषासारखी ऐकू येत होती. वैनी हसायला लागल्या, पोट धरून. मीही हसले. ओठ हसतोय हे मला कळलं.

मग एकदा माझं बोट खाली आलं आणि वैनी हसता हसता थांबल्या.

“उघाडी,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“उघाडीवरचा राखनदार. त्याला बोलवतेय.”

खाडीकाठच्या शेतांना बांध असायचा आणि बांधाला एक लाकडी दार. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं बाहेर जावं म्हणून ते उघडायचं-लावायचं. त्याला उघाडी म्हणायचे. तिथे एक राखणदार असतो, दिसत नाही असा. वैनींचे वडील त्याला नारळ द्यायचे. शेतं गेली, बांध गेला, तिथे आता रस्ता आहे आणि पुढे टॉवर. उघाडी बघून वैनींना किती वर्षं झाली असतील. दार राहिलं नाही, म्हणून गाण्यातूनही निघून गेलं.

शब्द मिळाल्यावर पुढचं भराभर आलं. वैनी ओळ म्हणत, पडताळत, पुन्हा म्हणत. ती ओळ मी इथे लिहीत नाही, ती त्यांच्या घरची आहे. शेवटी त्यांनी बांधापासून खाडीपर्यंत पूर्ण म्हटलं, न अडकता. मग दुसऱ्यांदा म्हणायला गेल्या, टॅब बंद करून, तर बांधावर येऊन अडकल्या.

“आता काय झालं?”

“लाव गो परत.”

लावलं. यांनी ‘लाइट वर घे’ म्हटलं आणि वैनींना ओळ आली. बंद केलं, की जायची. लावलं, की यायची. दुपारभर तेच ऐकून ऐकून ती ओळ यांच्या बोलण्याला चिकटून बसली होती. वैनींनी कपाळावर हात मारला.

“तुज्या नवऱ्याबिगर माज्या आयला बोलता येत नाय!”

निघताना मी विचारलं, हा आवाज तुमच्या मोबाइलवर देऊ का? यांचं बोलणं कापता येतं का ते लेकीला विचारते. वैनी चपला घालत होत्या. “कापू नको. तो निगाला त आय बी निगंल.” आणि मग, जिना उतरताना, मागे न बघता, “हलदीला माज्या शेजारी बसायचा.”

मी जाणार होते, पण मागच्या खुर्चीवर. आपल्याकडे हळदीच्या पाटाजवळ माझ्यासारखीने बसायचं नसतं, ते मला कोणी सांगायला नको. हळदीच्या दिवशी हॉलमध्ये मी मागेच बसले होते, सरबताचा ग्लास हातात धरून. डीजे वाजत होता, खुर्ची खालून थरथरत होती. मग तो थांबला. वैनी पाटाजवळ उभ्या राहिल्या, एका हाताने गुडघा धरून, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बाय, कुटं बसलीस? ये हितं.”

कोणीतरी एक म्हातारी म्हणाली, “अगो, ती...”

“ती काय? मी अडकली त तू सांगनार हायस? येतो काय तुला?”

मी गेले. पाटावर नात बसली होती, गालाला पहिली हळद लागायची होती. वैनींनी हात कानाला लावला, खाकरल्या, आणि सुरू केलं. आवाज आईसारखा नाही, जरा पातळ आहे, पण चाल तीच. घरचे देव आले. विहीर आली. पोरं मोबाइल धरून उभी होती. गावदेवी आली. शेत आलं. बांधावर वैनी पोचल्या आणि थांबल्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसता हात मागे केला आणि माझा पदर धरला. त्यांच्या मानेवरून घाम चालला होता. नातीने मान वर केली.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “लाइट वर घे,” मी म्हणाले. “वर, वर.”

वैनींनी ओळ उचलली. उघाडीवरच्याला बोलावणं झालं, तिथून खाडीपर्यंत त्या एका दमात गेल्या, आणि तिथून सगळ्यांना घेऊन मांडवात परत आल्या. मागच्या दोन बायकांनी शेवटची ओळ बरोबर धरली, त्यांना ती येत असेल असं मला वाटलं नव्हतं. नातीच्या गालाला हळद लागली. धवला पुरा झाला.

वैनींनी माझा पदर सोडला. तिथे पिवळा डाग पडला होता.

“बरोबर आला ना?” त्यांनी विचारलं.

“आला.”

“सगला?”

“सगळा.”

त्या खुर्चीवर टेकल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “पानी आन गो.” मी आणायला उठले. माझा घसाही कोरडा पडला होता, तो मला जाणवत होता. दोन ग्लास भरून घेतले.